दोनशेच्या टॅपवर राहिलेला ॲम्प्लिफायर

भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी एका गावात मंडप आणि लाउडस्पीकरचा जुना धंदा आहे. हा ॲम्प्लिफायर त्या घरातला. देशी बनावटीचा, व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा), ३० वॅटचा, १९७० च्या आगेमागे घेतलेला. आउटपुटला ईएल३४ या मोठ्या व्हॉल्व्हची जोडी, आधीच्या टप्प्यांना ईसीसी८३ हे लहान व्हॉल्व्ह. लग्नं, तमाशे, निवडणुकीच्या सभा, श्रावणातला कानबाईचा उत्सव, सगळं या मशीनने वाजवलं. नव्वदच्या दशकात ट्रान्झिस्टरचे हलके ॲम्प्लिफायर आले आणि हा माळ्यावर गेला.

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या नातवाने तो खाली काढला. कानबाईच्या रात्री जुन्या तबकड्या जुन्याच मशीनवर वाजवायच्या, असा त्याचा बेत. धूळ पुसली, प्लग लावला. व्हॉल्व्ह पेटायला लागले, तोवर आत फट्ट आवाज झाला, पांढरी वाफ निघाली आणि घराचा एमसीबी पडला. तो पडला म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला. मशीनचा स्वतःचा फ्युज पडणारच नव्हता. फ्युजच्या काचेवर तांब्याच्या तारेचे चार वेढे होते.

मशीन जळगावला माझ्याकडे आलं ते "कंडेन्सर फुटलाय, तेवढा बदलून द्या" या निरोपासह. निरोप खोटा नव्हता. पण कंडेन्सर फुटला ही घटना झाली, तिचं कारण अजून बाकी होतं. जुन्या पॉवर सप्लायमध्ये फुटलेला भाग बदलून स्विच टाकला की बऱ्याचदा नवा भागही त्याच वाटेने जातो, आणि या वेळी सोबत ट्रान्सफॉर्मरही नेतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. यात जळालेल्या भागांपेक्षा आधीच्या मेकॅनिकांनी केलेल्या दुरुस्त्याच जास्त बोलक्या निघाल्या.

चॅसिस उलटी केल्यावर

चॅसिस म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात तो पत्र्याचा सांगाडा. आत कापसाची रुई, आणि ट्रान्सफॉर्मरच्या टॅगपट्टीवर (तारा झाळायच्या कड्यांच्या पट्टीवर) कुंभारीण माशीची मातीची घरं. ही माती वरवरची घाण म्हणून सोडून देऊ नये. पावसाळ्यात ती ओल धरते आणि तिच्याखाली चारशे-पाचशे व्होल्टचे दोन टॅग शेजारी शेजारी असतात. आधी ती ओली न करता ब्रशने आणि लाकडी काडीने काढली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसली.

मुख्य कंडेन्सर ॲल्युमिनियमच्या डब्यातला, ३२+३२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. त्याचं बूड फाटलेलं, आतला कागद बाहेर. त्याच जागी चॅसिसवर आणखी एक जुना, वाळून तपकिरी झालेला डाग होता. म्हणजे इथे कंडेन्सर फुटण्याची ही पहिली वेळ नव्हती.

रेक्टिफायरचा, म्हणजे एसीची डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हचा, आठ पिनांचा ऑक्टल सॉकेट रिकामा. सर्किटच्या नकाशाप्रमाणे तिथे ५यू४जी हा व्हॉल्व्ह हवा. त्याऐवजी सॉकेटच्या टॅगवर दोन बीवाय१२७ डायोड झाळलेले. त्या काळात कुठल्याही टीव्ही-रेडिओच्या दुकानात मिळणारा हा डायोड. एक चांगला, दुसरा दोन्ही बाजूंनी शून्य ओहम. ५यू४जीच्या हीटरसाठीच्या (व्हॉल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेसाठीच्या) ५ व्होल्टच्या वायंडिंगची टोकं कापडी टेप गुंडाळून नीट बाजूला बांधलेली होती. या कामाला हात चांगला होता. झाळाचे डाग चकचकीत, तारांना वळसा देऊन मग झाळलेलं, कुठे थेंब लोंबत नाही. घाईत जुगाड करणाऱ्याचं हे काम नव्हे, आणि म्हणूनच त्याने असं का केलं हे समजून घेतल्याशिवाय ते उखडायचं नाही, असं ठरवलं.

मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज निवडण्याचा खटका तुटलेला. मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची तार प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या वीज घेणाऱ्या वायंडिंगच्या) एका टॅपला थेट झाळलेली; वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी काढलेलं टोक म्हणजे टॅप. कोणत्या, ते समजेना. तारांचे रंग सगळे एकाच मातकट छटेचे झाले होते.

बायसची, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या निगेटिव्ह व्होल्टेजची बाजू पाहिली. ते व्होल्टेज करण्यासाठी लहानशी सेलेनियम रेक्टिफायरची पट्टी आणि ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. कंडेन्सर हातात हलका लागला. आतलं द्रव कधीच उडून गेलं होतं.

ट्रान्सफॉर्मर आणि वायंडिंगवाला

थंड अवस्थेत ओहममीटरने सगळी वायंडिंग पाहिली. एचटीच्या (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या) वायंडिंगच्या दोन अर्ध्यांचा रोध वेगवेगळा आला, एक ७१ ओहम, दुसरा ७६. इथे बरेच जण घाबरतात आणि वेढे शॉर्ट झाले असं मानतात. तसं नसतं. एक अर्धं आत गुंडाळलेलं, दुसरं त्याच्यावर. बाहेरच्या वेढ्याचा घेर मोठा, म्हणून तार जास्त लागते. वेढ्यांची संख्या सारखी असली की झालं. चोक, म्हणजे डीसीतली लहर गाळणारी गुंडाळी, ११८ ओहम, ठीक.

मेगर, म्हणजे इन्शुलेशन तपासण्याचा मीटर, मात्र चांगलं बोलला नाही. ५०० व्होल्टला प्रायमरी आणि कोअर यांच्यात ८ मेगोहम. एवढ्या इन्शुलेशनवर मशीन चालू करायचं नाही. ओल शिरली होती, किंवा कागद करपला होता. वाळवून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

खानदेशात अशा कामाची एक सोय आहे. विहिरी-बोअरच्या मोटारी जळतात, म्हणून तालुक्याच्या प्रत्येक गावी मोटार वायंडिंगची दुकानं आहेत. वार्निशची टाकी, भट्टी, मेगर, आणि दिवसभर तांब्यात हात असलेली माणसं. पाचोऱ्याच्या एका दुकानात ट्रान्सफॉर्मर नेला. कारागीर म्हणाला, "भाऊ, हा फोडून नवा भरून देतो, काय जुन्याच्या नादी लागता?" त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर होतं. मोटार जळली की ती जळलेली असते. पण हा ट्रान्सफॉर्मर जळालेला नव्हता, ओला होता. शिवाय वेढ्यांचं मूळ प्रमाण, पदरांमधला कागद आणि पाच वेगळी वायंडिंग पुन्हा तशीच भरली जातील याची खात्री देणं त्यालाही अवघड गेलं असतं. त्याला फक्त भट्टी मागितली. त्याआधी मे महिन्यातलं ऊन फुकट होतंच. काळं कापड टाकून गच्चीच्या पत्र्यावर ठेवला, मग भट्टीत ८० अंशांच्या आसपास सावकाश तापवला. गरम असताना मेगर आधी खाली गेला. ओल बाहेर पडताना तसं होतं, तिथे हिंमत सोडू नये. मग चढत गेला आणि थंड झाल्यावर २०० मेगोहमच्या पुढे स्थिर राहिला. त्यानंतर वार्निशमध्ये बुडवून पुन्हा भाजला.

टॅप ओळखण्याचं काम यानंतर. दुसऱ्या एका लहान ट्रान्सफॉर्मरमधून ६.३ व्होल्ट घेऊन ते याच्या हीटर वायंडिंगला उलट बाजूने दिले आणि प्रायमरीच्या तीन टोकांवर व्होल्टेज मोजलं. हे करताना एचटीची टोकं उघडी नकोत, कारण तिथेही शेकड्यांनी व्होल्ट उभे राहतात. आकडे बरोबर १०:११:१२ या प्रमाणात आले. म्हणजे टॅप २००, २२० आणि २४० चे. आणि मेन्स झाळलेली होती ती २०० ला.

७.६ व्होल्ट

सगळे ईएल३४ आणि ईसीसी८३ जागेवर, एचटी पूर्ण तोडलेली, फक्त हीटर चालू, असं ठेवून आणि आधी सिरीज बोर्डवर (मध्ये बल्ब घालून) तपासून मग थेट मेन्सवर मीटर लावला. माझ्याकडे त्या वेळी मेन्स २४३ होती. हीटरवर ६.३ च्या जागी ७.६ व्होल्ट.

हीटरचं व्होल्टेज साधारण १० टक्क्यांच्या आत राहावं. इथे ते २० टक्क्यांच्या वर होतं. आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये एक वायंडिंग वीस टक्के वर असेल तर सगळीच असतात. नकाशाप्रमाणे एचटीचं वायंडिंग ३५०-०-३५०, म्हणजे मधल्या टोकापासून (सेंटर टॅपपासून) दोन्हीकडे ३५० व्होल्ट. दोनशेच्या टॅपवर २४३ व्होल्ट दिले की ते ४२५-०-४२५ होतं. त्याचं शिखर ६०० व्होल्ट. सिलिकॉन डायोडला तापायला वेळ लागत नाही, तो स्विच टाकताक्षणी चालू. ईएल३४ ना मात्र तापून करंट घ्यायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढा वेळ कुठलाही भार नसताना पूर्ण ६०० व्होल्ट ४५० च्या कंडेन्सरवर. त्यातही कित्येक वर्षं वीज न मिळाल्याने ज्याच्या आतला ऑक्साइडचा पापुद्रा विरलेला, अशा कंडेन्सरवर. त्याने फुटू नये तर काय करावं?

डायोडचंही तेच. या प्रकारच्या फुलवेव्ह जोडणीत बंद असलेल्या डायोडवर शिखराच्या दुप्पट व्होल्टेज उलटं येतं, म्हणजे १२०० च्या आसपास. बीवाय१२७ ची उलट व्होल्टेजची कमाल मर्यादा १२५०. काठावर उभा होता, मेन्समधल्या एखाद्या झटक्याने गेला. कंडेन्सर आधी गेला की डायोड, हे आता सांगता येणार नाही; दोघांनाही ढकलणारं कारण एकच होतं.

आता प्रश्न त्या चांगल्या हाताच्या मेकॅनिकचा. त्याने २०० चा टॅप का निवडला आणि चांगला चालणारा व्हॉल्व्ह काढून डायोड का लावले?

उत्तर आबांकडे होतं. नातवाचे आजोबा, मशीन त्यांच्या वडिलांनी घेतलं, पण गावोगाव बैलगाडीवरून फिरवलं आबांनी. ते म्हणाले, पूर्वी दिवसा विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की गावातले दिवे लाल व्हायचे, कर्ण्यातला आवाज बसायचा, लोक बोंब मारायचे. पाचोऱ्याच्या एका मेकॅनिकने "दुरुस्ती केली" आणि आवाज परत आला. मग त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, जे मला सगळ्या मोजमापांपेक्षा उपयोगी पडलं: "मोटारी बंद व्हयन्यात का कंडेन्सर फुटे." म्हणजे मोटारी बंद झाल्या की कंडेन्सर फुटायचा.

गणित मांडून पाहिलं. समजा मोटारी चालू असताना गावात १६८ व्होल्ट येत होते. १९५६ च्या विद्युत नियमांत लो व्होल्टेजला ६ टक्के वर-खाली एवढीच मुभा होती, पण लांबलचक लाइनच्या टोकाच्या गावात नियम पोचायला तारही तितकी जाड लागते. १६८ व्होल्टवर २२० च्या टॅपला हीटर मिळतो ४.८ व्होल्ट, व्हॉल्व्ह अर्धमेला. २०० च्या टॅपला ५.३. बरं, पण पुरेसं नाही. ५यू४जी स्वतः चाळीस-पन्नास व्होल्ट खातो आणि त्याचा हीटर १५ वॅट घेतो. तो काढून सिलिकॉन लावले की एचटीचं शिखर ४१६, भाराखाली ३९० च्या आसपास. कंपनीच्या नकाशात एचटी किती लिहिली आहे? ३९०.

म्हणजे त्या माणसाने मोडक्या विजेवर मशीनला बरोबर तिचं मूळ व्होल्टेज परत दिलं होतं. मोजून केलं की अंदाजाने, माहीत नाही. पण ते काम बरोबर होतं, त्या दिवसांपुरतं आणि दिवसापुरतं. रात्री मोटारी थांबल्या, व्होल्टेज सव्वादोनशेवर गेलं, की तीच जोडणी साडेपाचशे व्होल्ट काढायची. मग कंडेन्सर फुटायचा आणि नवा बसायचा. चॅसिसवरचा जुना डाग त्याचाच.

आता गावठाणाची लाइन वेगळी आणि शेतीची वेगळी. मोटारींना ठरावीक तासांची पाळी असते, त्यांचा ओढा घरातल्या दिव्यांवर पूर्वीसारखा येत नाही. नातवाला प्लगमध्ये लावायचा व्होल्टमीटर देऊन वेगवेगळ्या वेळचे आकडे लिहून ठेवायला सांगितले. त्याच्या वहीत सगळ्यात कमी २२८, संध्याकाळी २४० च्या पुढे-मागे, मध्यरात्रीनंतर २५१. १६८ कुठेच नाही. मशीन मात्र अजून जुन्या दिवसांतल्या विजेसाठी बांधलेलं राहिलं होतं.

काय ठेवलं, काय काढलं

पहिला निर्णय सोपा: मेन्स २४० च्या टॅपवर. बाकीचे टॅप उष्णतेने आवळणाऱ्या नळीत बंद करून बांधले. तुटलेला खटका परत बसवला नाही. बसवला असता तर कुणीतरी कधीतरी फिरवला असता.

रेक्टिफायरवर मी जरा जास्त विचार केला. सिलिकॉन ठेवून पुढे रोध घालता आला असता, स्वस्त पडलं असतं. पण आबांच्या पत्र्याच्या डब्यात, सुया आणि जुन्या तबकड्यांच्या पाकिटांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला मूळ ५यू४जी सापडला. त्या मेकॅनिकने काढलेला भाग मालकाला परत दिला होता! तपासला, दोन्ही प्लेट सारखा करंट देत होत्या. मग तोच लावला. हळवेपणा थोडा होता, नाकारत नाही, पण तांत्रिक कारणही होतं. त्याचा नैसर्गिक व्होल्टेज-उतार हाच मूळ नकाशाचा भाग आहे आणि तो परत आला की पुढचं सगळं गणित नकाशाप्रमाणे बसतं.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. व्हॉल्व्ह रेक्टिफायर म्हणजे एचटी हळूहळू चढते, हे ५यू४जीबद्दल खरं नाही. त्याचं फिलामेंट थेट तापतं, काही सेकंदांत तो पूर्ण व्होल्टेज देतो. ईएल३४ तेव्हा अजून थंडच असतात. त्यामुळे योग्य टॅपवरसुद्धा सुरुवातीला ५०० व्होल्ट उभे राहणारच. जुना ४५० चा कंडेन्सर हे थोडा वेळ सहन करायचा. नव्याला तसं करायला लावू नये. म्हणून चोकच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे ६८ मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचे दोन-दोन कंडेन्सर सिरीजमध्ये लावले. होतात ३४ मायक्रोफॅरड, ८०० व्होल्ट. प्रत्येकावर २२० किलोओहमचा २ वॅटचा रोध, व्होल्टेज सारखं वाटून घेण्यासाठी. बंद केल्यावर साठलेला चार्ज सव्वा-दीड मिनिटात उतरवण्याचं कामही तेच करतात. आधीच्या टप्प्यांसाठी ५०० व्होल्टचे.

लोक इथे २२० मायक्रोफॅरड घालायचा मोह करतात. मोठा कंडेन्सर, कमी गुणगुण, असा हिशेब. ५यू४जीला पहिला कंडेन्सर ४० च्या आत हवा. मोठ्या कंडेन्सरला तो प्रत्येक अर्ध्या आवर्तनात लहानशा वेळात प्रचंड करंट देतो आणि आत ठिणगी पडून मरतो. गुणगुण कमी करण्यासाठी चोक आहे ना.

कंडेन्सर १०५ अंशांचेच घेतले. खानदेशात ही चैन नाही. मे महिन्यात सावलीत ४३-४४ अंश, झाकण लावलेल्या चॅसिसच्या आत मला ६५ च्या वर मिळाले. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर दहा अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं. २,००० तासांचा ८५ अंशांचा भाग ६५ अंशांवर ८,००० तास जाईल, तेवढ्याच तासांचा १०५ चा ३२,०००. किमतीतला फरक चहाच्या पैशांचा. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये हे ४०० व्होल्टचे सहज मिळाले. ५०० व्होल्टचे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले.

आबांच्या डब्यात एक कधीच न वापरलेला जुना ३२+३२ सुद्धा होता, खोक्यासकट. नातवाला तो लावायचा होता. नुसता कपाटात पडलेला कंडेन्सर नवा नसतो. २० किलोओहमच्या रोधातून ४५० व्होल्ट देऊन तो सावकाश सावरतो का ते पाहिलं. तासन् तास ठेवूनही तो ३५० च्या वर चढेना. गळती ५ मिलिअँपिअरवर अडकली. म्हणजे पावणेदोन वॅट नुसते त्याच्या पोटात तापत होते. तो परत खोक्यात गेला. फुटलेल्या डब्याचं रिकामं कवच मात्र चॅसिसवर वरून तसंच उभं ठेवलं, तारा न जोडता; बाहेरून मशीन होतं तसं दिसतं आणि वरचं भोकही झाकलं जातं.

बायस, म्हणजे खरी भीती

गुणगुणीने आणि धुराने सगळ्यांचं लक्ष एचटीकडे जातं. पण ईएल३४ ची जोडी आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मारणारा भाग बायसचा कोपरा आहे, आणि त्याची किंमत सगळ्यात कमी.

बायसचं वायंडिंग ५० व्होल्टचं, हाफवेव्ह. चांगल्या कंडेन्सरवर उणे ६५ च्या आसपास साठायला हवेत आणि पुढे रोधांनी वाटून ग्रिडला (व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीला) उणे ३४-३५ मिळायला हवेत. योग्य टॅपवर, ईएल३४ काढून मोजलं तर कंडेन्सरवर जेमतेम उणे २० होते. कंडेन्सर सुकला की तो शिखर धरून ठेवत नाही, मीटरला नुसती सरासरी दिसते. एवढ्या कमी बायसवर ईएल३४ चालू केले असते तर प्लेटा लाल झाल्या असत्या. सुदैवाने परवाच्या प्रकाराला एमसीबीने तेवढा वेळ दिला नाही.

सेलेनियम काढला. तो वयाने खराब होतो, आणि जळाला तर त्याचा उग्र वास विषारी असतो. मंडपात, माणसांत ठेवायची ती वस्तू नाही. त्या जागी १एन४००७ हा सिलिकॉन डायोड. सेलेनियमपेक्षा हा फार कमी व्होल्ट खातो, त्यामुळे बायस मूळपेक्षा जास्त निगेटिव्ह होतो आणि वाटणीचा रोध बदलावा लागतो. तिथे लहान प्रिसेट (फिरवून बदलता येणारा रोध) न घालता मोजून पक्का रोध लावला. फिरणाऱ्या प्रिसेटचा काटा धुळीने सुटला की बायस शून्यावर जाण्याची भीती असते. नव्या कंडेन्सरचं प्लस टोक चॅसिसला. ही उलटी जोडणी सवयीने चुकते, म्हणून शेजारी मार्करने प्लसची खूण केली.

प्रत्येक ईएल३४ च्या कॅथोडला (ज्यातून व्हॉल्व्हचा सगळा करंट जातो त्या टोकाला) १० ओहमचा रोध घातला. कंपनीने तो दिला नव्हता, पण त्याने करंट मोजणं सोपं होतं: ०.४ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. ३९० व्होल्टला हे साधारण साडेपंधरा वॅट होतात. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट, तेव्हा आरामात.

ग्रिडकडे आवाजाचा सिग्नल नेणारे कागदी कपलिंग कंडेन्सर पॉवर सप्लायचा भाग नाहीत, तरी बदलले. ते गळले की ग्रिडवर प्लस व्होल्ट येतात, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि सगळे सप्लायवर संशय घेत बसतात. इथे व्हॉल्व्ह काढून ग्रिडच्या टॅगवर मोजलं तर एका बाजूला बायस दुसरीपेक्षा ११ व्होल्टने कमी निगेटिव्ह होता. तो गळत होताच.

उरलेलं पटकन सांगतो. दोन तारांची वायर काढून तीन पिनची, अर्थ चॅसिसला स्वतंत्र बोल्टने. मेन्स आणि चॅसिस यांच्यातला जुना कागदी कंडेन्सर काढूनच टाकला. तो शॉर्ट झाला तर माइक धरणाऱ्याच्या ओठाला मेन्स लागते. मेन्सला १ अँपिअरचा स्लो ब्लो फ्युज, आणि एचटीच्या सेंटर टॅपमध्ये ३१५ मिलिअँपिअरचा वेगळा. हा दुसरा फ्युज मूळ मशीनमध्ये नव्हता, पण रेक्टिफायरच्या पुढे कंडेन्सर शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मर वाचवणारा तोच.

चालू करताना

डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) शून्यापासून हळूहळू चढवायची पद्धत इथे फारशी कामाची नाही. कमी व्होल्टेजला ५यू४जीचं फिलामेंट पुरेसं तापत नाही, एचटी येतच नाही, आणि मग एका टप्प्यावर ती एकदम येते. म्हणून आधी ईएल३४ न लावता, १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये. बल्ब भपकन लागून मंद झाला. बायस आला, कंडेन्सरच्या दोन अर्ध्यांवर व्होल्टेज सारखं वाटलं गेलं. मग ईएल३४, आउटपुटला कर्ण्याच्या जागी भाराचा रोध, आणि बल्ब काढून थेट मेन्स.

२४३ व्होल्टवर हीटर ६.४. पहिल्या कंडेन्सरवर ३९८, चोकनंतर ३८७. कॅथोडवर एकीकडे ०.३९, दुसरीकडे ०.४१. पहिल्या कंडेन्सरवरची १०० हर्ट्झची लहर साधारण ७ व्होल्ट, चोकनंतर ७० मिलिव्होल्टच्या आत. उरलेली बारीक गुणगुण ५० हर्ट्झची होती. म्हणजे ती एचटीतून येत नव्हती. हीटरच्या तारा एकमेकींभोवती पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यात दाबल्यावर कानाला लागेनाशी झाली. गुणगुण ५० ची की १०० ची हे आधी ठरवलं की निम्मी शोधाशोध वाचते.

पूर्ण आवाजावर एचटी ३६० पर्यंत उतरली आणि तिथे टिकली. दुपारच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, मुद्दाम झाकण लावून चालवलं. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येत होता, फार वेळ नाही.

गावात पहिल्यांदा लावलं तेव्हा नातवाने जनरेटरवरही चालवून पाहायचा हट्ट धरला. बरोबरच होतं; कानबाईच्या रात्री लाइन गेली तर तोच आधार. जनरेटर भार नसताना २६० च्या वर दाखवत होता आणि इंजिनचा वेग उतरवल्यावर २५५ वर आला. २५५ ला हीटर ६.७, चालण्यासारखं. २६० च्या पुढे नको, म्हणून फ्रिजसाठी मिळतो तसला जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा कटऑफ प्लगच्या आधी लावला. गावात कधी न्यूट्रल तुटतो आणि एका फेजवर तीनशेच्या पुढे व्होल्ट येतात. त्या वेळीही तोच उपयोगी पडेल. स्टॅबिलायझर मागत होते, नको म्हटलं. आताच्या विजेला त्याची गरज दिसत नाही, आणि रिले बदलताना होणारा झटका रात्रभर सोसण्यापेक्षा बंद पडलेलं बरं.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद डकवला आहे. वर तारीख, मग: मेन्स टॅप २४०, बदलू नये. कॅथोडवर ०.४ व्होल्ट. बायस कंडेन्सरचं प्लस चॅसिसला. ५यू४जी गेला तर जीझेड३४ हा दुसरा रेक्टिफायर व्हॉल्व्ह त्याच सॉकेटमध्ये चालेल, पण एचटी पंचवीस-तीस व्होल्टने वाढेल, आधी बायसचा रोध बदलून कॅथोड पुन्हा मोजावा. व्हॉल्व्हच्या जागी डायोड लावण्याची वेळ आलीच तर पुढे रोध घालून एचटी ३९० वर आणावी. त्याखाली, काय काढलं आणि का काढलं ते. दोन बीवाय१२७ एका पुडीत घालून कागदाला टाचले आहेत.